अजारा: माणसं जॉर्जियन, भाषा जॉर्जियन, मग स्वायत्तता कशाची?

नकाशेवाला

काळ्या समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात, जॉर्जिया आणि तुर्कस्तान यांच्या सांध्यावर अजारा नावाचं स्वायत्त प्रजासत्ताक आहे. क्षेत्रफळ २,९०० चौ.किमी., म्हणजे गोव्याहूनही लहान. २०१४ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,३३,९५३ होती आणि त्यातले दीड लाख लोक एकट्या बटुमी शहरात. दक्षिणेला सार्पी गावापासून उत्तरेला चोलोकी नदीपर्यंत किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, आणि तिच्या पाठीला लागलेले डोंगर.

सोव्हिएत काळात जॉर्जियाच्या पोटात तीन स्वायत्त प्रदेश होते. अबखाझियाची भाषा वेगळी, दक्षिण ओसेतियाची वेगळी, त्यामुळे तिथली भांडणं कळतात. अजारातले लोक मात्र जॉर्जियनच बोलतात, वंशानेही जॉर्जियनच. तरी १९२१ पासून आजवर 'स्वायत्त' ही पाटी टिकून आहे. उरलेल्या दोघांनी युद्धं करून वेगळी चूल मांडली, याने एकही युद्ध केलं नाही.

माझं मत असं की ही स्वायत्तता तिथल्या लोकांची मागणी नव्हतीच, ती शेजाऱ्याने घातलेली अट होती. जाणकारांनी प्रकाश टाकावा. इतिहासच नव्हे, भूगोल, बंदर, पाऊस, खाणं, सगळं चालेल.

मालवणी खाजा

शीर्षक वाचून आमचं आचरा स्वायत्त झालं की काय वाटलं! म्हटलं, गावपळणीला तीन दिवस गाव मोकळं करतात तेवढ्यात कोणी ताबा घेतला काय?

गंमत बाजूला. मूळ जॉर्जियन उच्चार 'आचारा'च्याच जवळचा आहे. मधला 'च' घशातून झटका देऊन काढतात. 'अडजारा' हे रूप रशियन वळणाने आलेलं. तेव्हा मालवणी माणसाने 'आचरा' म्हटलं तर तो बाकीच्यांपेक्षा बरोबरच्या जास्त जवळ असेल.

तहवाचक

नकाशेवाला, 'शेजाऱ्याची अट' यात तथ्य आहे. तारखा नीट लावू.

सोळाव्या शतकापासून हळूहळू हा मुलूख उस्मानी अमलाखाली गेला आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत बहुतेक लोक मुसलमान झाले. भाषा जॉर्जियनच राहिली. १८७७-७८ च्या युद्धात तुर्क हरले आणि १८७८ च्या बर्लिन तहाने बटुमी रशियाकडे आलं. त्या तहात रशियाच्या बादशहाने बटुमी हे 'मुक्त बंदर' (जकात नसलेलं) ठेवण्याचा इरादा जाहीर केला होता. इरादाच तो! १८८६ साली रशियाने तो गुंडाळून ठेवला. इंग्लंडने निषेधाचा खलिता पाठवला, पुढे काही नाही. याच काळात हजारो मुसलमान कुटुंबं उठून उस्मानी मुलखात गेली. त्यांना मुहाजिर म्हणतात आणि त्यांचे वंशज आजही तुर्कस्तानात आहेत.

मग १९१८. मार्चमध्ये ब्रेस्त-लितोव्स्कच्या तहाने रशियाने कार्स, अर्दाहान आणि बटुमीवरचा हक्क सोडला आणि एप्रिलमध्ये तुर्की फौजा शहरात. वर्षअखेर महायुद्ध हरल्यावर त्या गेल्या आणि इंग्रज आले. ते जुलै १९२० पर्यंत राहिले, मग शहर स्वतंत्र जॉर्जियाच्या हाती. मार्च १९२१ मध्ये बोल्शेविकांची लाल सेना आणि तुर्की सेना दोघीही एकाच वेळी बटुमीच्या दारात.

१६ मार्च १९२१ चा मॉस्को तह, सोव्हिएत रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातला: तुर्कस्तानने बटुमीवरचा हक्क सोडला, दोन अटींवर. एक, तिथल्या लोकांना व्यापक स्थानिक स्वायत्तता, प्रत्येक समाजाला आपला धर्म आणि संस्कृती जपण्याची हमी, आणि जमिनीचा कायदा आपल्या मर्जीने करण्याची मुभा. दोन, बटुमी बंदरातून तुर्की मालाची ने-आण जकातीशिवाय. १६ जुलै १९२१ ला स्वायत्त अजारा जाहीर झालं. १३ ऑक्टोबर १९२१ च्या कार्स तहात याच अटी सहाव्या कलमात पुन्हा आल्या. या वेळी सही करणारा जॉर्जिया सोव्हिएत होता.

म्हणून 'कार्सच्या तहामुळे अजारा जन्मलं' हे जे सर्रास लिहिलं जातं ते चूक. तह ऑक्टोबरचा, पोर जुलैत झालेलं.

निवांत

वाचनखूण साठवली. बर्लिन तहातला 'इरादा' हा शब्द आमच्या सोसायटीच्या कमिटीला दाखवणार आहे.

शंकेखोर

थांबा. 'लोकांची मागणी नव्हतीच' हे मला मान्य नाही.

मेमेद अबाशिद्झे हे नाव या चर्चेत आलंच नाही. बटुमीचा मुसलमान जॉर्जियन पुढारी आणि लेखक. 'आम्ही धर्माने मुसलमान, राष्ट्राने जॉर्जियन' ही भूमिका त्याच्या गटाने १९१८ ते १९२० या काळात लावून धरली. १९१९ साली इंग्रजांच्या डोळ्यांदेखत बटुमीत मेजलिस, म्हणजे प्रतिनिधींची सभा, भरली. तिने मागितलं काय? जॉर्जियात सामील व्हायचं, पण स्वायत्ततेसह.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: २१ फेब्रुवारी १९२१ ला स्वतंत्र जॉर्जियाने राज्यघटना मंजूर केली. तिच्या १०७ व्या कलमात अबखाझिया, 'मुसलमान जॉर्जिया' म्हणजे बटुमी जिल्हा, आणि झाकाताला (आता अझरबैजानात) या तिघांना स्वायत्तता दिलेली आहे. मॉस्को तहाच्या २३ दिवस आधी. तेव्हा तुर्कांनी अट घातली ती जे आधीच कबूल झालं होतं त्याचीच.

या मेमेदला १९३७ मध्ये गोळी घातली गेली. त्याचा नातू अस्लान हा १९९१ ते २००४ अजाराचा सर्वेसर्वा होता. आजोबांनी ज्यासाठी जीव दिला ते नातवाने खासगी जहागिरीसारखं वापरलं, पण तो पुढचा विषय.

नकाशेवाला

@शंकेखोर, १०७ वं कलम माझ्या नजरेतून सुटलं होतं. मत अर्धं मागे घेतो. अर्धंच, कारण ती घटना मंजूर झाल्यावर चौथ्या दिवशी, २५ फेब्रुवारीला, राजधानी तिबिलिसी लाल सेनेने घेतली. कागदावरची स्वायत्तता चार दिवसांची. पुढची शंभर वर्षं टिकली ती तहातली.

तहवाचक

दोघेही बरोबर आहात असं म्हणून वाद मिटवायची माझी इच्छा नाही. :) फरक मुद्द्याचा आहे. १०७ व्या कलमात 'मुसलमान जॉर्जिया' असा शब्द होता, म्हणजे धर्म उघड होता. सोव्हिएतांनी प्रदेशाचं नाव घेतलं आणि धर्म पडद्याआड ठेवला. मग गोची झाली: स्वायत्तता आहे म्हणजे तिला 'जमात' हवी. १९२६ च्या जनगणनेत 'अजार' असा वेगळा गट मोजला, सत्तर हजारांवर माणसं. १९३९ च्या जनगणनेत तो गट जॉर्जियनांत विरघळवला. ज्यांच्यासाठी पाटी लावली ते कागदावरून गेले, पाटी राहिली. १९२९ च्या एप्रिलमध्ये वरच्या अजारात, खुलोच्या बाजूला, बुरखाबंदी आणि शाळांच्या सक्तीवरून उठाव झाला तो सैन्य धाडून मोडला. धर्माच्या हमीचं पुढे काय झालं ते यातून दिसतं.

तुलनाच करायची तर ओलांड बेटांशी करा. वर्ष तेच, १९२१. जूनमध्ये राष्ट्रसंघाने निर्णय दिला: बेटं फिनलंडची, पण स्वीडिश भाषेची आणि स्वायत्ततेची हमी. तिथे हमीवर देखरेख होती, 'गावकी हक्क' असल्याशिवाय जमीन घेता येत नाही, आणि बेटांवर सैन्य ठेवायला बंदी. अजारात तुर्की सीमेला लागून सोव्हिएत लष्करी तळच होता. शेवटचा रशियन तळ हलला २००७ मध्ये.

रॉकेलचा डबा

आता बंदराकडे वळू या, नाहीतर हा धागा तहांच्या गाळात रुतेल.

'बटुमी' हे ग्रीक 'बाथिस' म्हणजे खोल या शब्दावरून आलं असं मानतात, आणि नाव सार्थ आहे. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर गाळ फार. उत्तरेचं पोती बंदर रिओनी नदीच्या तोंडावर, उथळ आणि दलदलीचं. बटुमीला मात्र समुद्रतळ किनाऱ्यालगतच झपकन खाली जातो, त्यामुळे मोठी जहाजं जवळ येतात. १८७८ मध्ये रशियाला हे गाव हवं होतं ते याच कारणाने.

१८८३ मध्ये बाकूपासून बटुमीपर्यंत रेल्वे जोडली गेली. कास्पियनच्या काठचं तेल आता उघड्या समुद्रावर. मधे अडचण होती सुरामी खिंडीची. चढ इतका तीव्र की इंजिनाला मोजकेच टाकी-डबे ओढता येत. म्हणून नोबेल बंधूंच्या कंपनीने १८८९ च्या सुमारास खिंडीपुरती नळवाहिनी टाकली. खडक फोडायला घरचाच डायनामाइट! १८९० मध्ये जवळपास ४ किमीचा रेल्वे बोगदा झाला. मग १८९७ पासून थेट बाकू ते बटुमी ८ इंची नळ टाकायला घेतला, त्याला दहाएक वर्षं लागली. तो कच्च्या तेलाचा नव्हता, शुद्ध केलेल्या रॉकेलचा होता. हे लोक नेहमी चुकतात.

आपला संबंध कुठे, तर इथे. बटुमीत रॉकेल पत्र्याच्या डब्यांत भरायचं, दोन डबे एका लाकडी खोक्यात. एका डब्यात चार इंग्रजी गॅलन, म्हणजे १८ लिटरच्या आसपास. ही खोकी सुवेझमार्गे हिंदुस्थानात आणि पुढे पूर्वेला यायची. अडचण दोन: खोकी जागा खातात आणि डबे गळतात. म्हणून १८९२ मध्ये म्युरेक्स नावाचं टाकीवालं जहाज बटुमीत भरलं गेलं आणि सुवेझ कालव्यातून रॉकेल घेऊन जाणारं ते पहिलं टँकर ठरलं. शेल कंपनीचा पाया तोच. डबे मग जिथे माल उतरायचा तिथेच तयार करायचे. आपल्याकडे पाणी भरायला, धान्य ठेवायला, छप्पर शिवायला वापरलेला चौकोनी पत्र्याचा डबा याच घराण्यातला.

डबे करणाऱ्या कारखान्यांतच १९०१-०२ मध्ये संप झाले. मार्च १९०२ मध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, डझनाहून जास्त कामगार मेले, आणि संप चिघळवणाऱ्या एका तरुणाला एप्रिलमध्ये अटक झाली. पुढे त्याने स्टालिन हे नाव घेतलं.

निवांत

शेवटच्या ओळीत बॉम्ब टाकून निघून जायची पद्धत आवडली.

पाऊसपाणी

पावसाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

बटुमीला वर्षाला साधारण २,५०० मिमी. आकडा कोकणासारखा वाटतो, पण स्वभाव अगदी उलटा. आपल्याकडे चार महिन्यांत सगळं कोसळतं. तिथे बारा महिने, आणि सगळ्यात जास्त सप्टेंबर ते डिसेंबर. मे त्यातल्या त्यात कोरडा. कारण सोपं आहे: पश्चिमेकडून येणारा वारा काळ्या समुद्रावरून ओल घेऊन येतो आणि किनाऱ्यापासून पंचवीस-तीस किमीतच दोन हजार मीटरची भिंत. शरदात समुद्र अजून उबदार, वरची हवा थंड, म्हणून तेव्हा जोर. बटुमीच्या ईशान्येला म्तिराला डोंगर आहे. नावाचा अर्थच 'रडणारा', आणि तिथे ४,००० मिमीच्या वर पाऊस. भिंत ओलांडून खुलोकडे गेलात की बरंच कोरडं. आपल्या महाबळेश्वर-वाई जोडीसारखंच.

या पावसानेच तिथलं जंगल टिकलं. हिमयुगातही इथे हवा सौम्य राहिली, त्यामुळे युरोपात इतरत्र नष्ट झालेल्या वनस्पती इथे तगल्या. कोल्खिक (या भागाचं जुनं नाव कोल्खिस) वर्षावनं आणि दलदली २०२१ मध्ये जागतिक वारसा झाल्या. त्यात म्तिराला-किंत्रिशीची जंगलं आणि कोबुलेतीजवळची इस्पानी दलदल आहे. ही इस्पानी पाहायला साधी वाटते, पण ती जवळजवळ पूर्ण शेवाळाची, पाणी झिरपवत वाढणारी दलदल आहे. वर चालल्यास गादीसारखी खालीवर होते. फळ्यांच्या वाटेवरून उतरायचं नाही.

वाईट बाजू: वरच्या अजारात उतार तीव्र, झाडी तोडलेली, माती चिकट. एप्रिल १९८९ मध्ये त्साब्लाना गावावर दरड कोसळली. त्यानंतर शेकडो कुटुंबं सपाटीवर हलवली गेली. तळिये आणि माळीणची आठवण होणारच.

संत्रेवाला

@पाऊसपाणी, या पावसावर तिथली फळबाग आहे. बटुमीजवळच्या चाक्वीला १८९० च्या दशकात चहाचे मळे लागले. त्यासाठी १८९३ मध्ये चीनहून चहाचा उस्ताद आणला आणि १८९५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्रास्नोव्ह आणि शेतीतज्ज्ञ क्लिंगेन ही मंडळी भारत, सिलोन, चीन, जपान पालथं घालून बी-रोपं घेऊन आली. याच क्रास्नोव्हने १९१२ मध्ये बटुमीची वनस्पती बाग काढली. ती समुद्राच्या कड्यावर आहे, खाली रेल्वेचे रूळ. सोव्हिएत संघ बुडाल्यावर चहाची बाजारपेठ गेली आणि मळ्यांत काटेरी झुडपं माजली.

मँडरिन मात्र टिकलं. जात जपानी उन्शिऊ, बिनबियांचं. हिमाचा तडाखा अधूनमधून येतो म्हणून ते त्रिपर्णी खुंटावर बांधतात. त्याची पानं हिवाळ्यात गळतात आणि कलमही लवकर विश्रांतीत जातं, त्यामुळे थंडी सोसतं. आपल्याकडे नागपुरी संत्रं जंबेरीवर बांधतो. ते खुंट जोमदार, पण थंडीला कच्चं. तिथे चालणार नाही. तोडणी नोव्हेंबर-डिसेंबर. नेमका तेव्हाच पाऊस, त्यामुळे ओली फळं पेटीत भरली की हिरवी बुरशी लागते. फळ देठासकट कात्रीने काढायचं, ओढायचं नाही. साल फाटली की दोन दिवसांत माल गेला.

दर्यासारंग

बटुमीचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, आणि हे गोटे आता कमी होतायत.

हा किनारा चोरोखी नदीने बांधला. नदी तुर्कस्तानात चोरूह म्हणून चारशे किमीवर वाहते, जॉर्जियात फक्त शेवटचे पंचवीसेक किमी. ती आणायची ते गोटे, वाळू लाटा उत्तरेकडे बटुमीच्या टोकापर्यंत ढकलत न्यायच्या आणि तिथे त्या पाण्याखालच्या खोल दरीत पडायच्या. म्हणजे किनाऱ्याला रोज भर हवीच, साठा नाही. रॉकेलचा डबा यांनी सांगितलेली बंदराची खोली आणि ही गळती एकाच खोलगटपणाची दोन टोकं.

तुर्कस्तानने चोरूहवर धरणांची माळ घातली: मुरातली, बोर्चका, देरिनेर (२४९ मी. उंच), वर युसुफेली (२७५ मी.). कोयना १०३ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. धरण पाणी सोडतं, गोटे सोडत नाही. परिणाम, नदीच्या तोंडाजवळ आदलियाच्या बाजूला, जिथे विमानतळ आहे, किनारा मागे सरकतो. दगडी बांध घालून एक जागा वाचवली की त्याच्या पुढची जागा उपाशी. उपाय एकच चालतो: नदीतले गोटे ट्रकने आणून टाकणं. सोव्हिएत काळाच्या शेवटी तो केलाही होता. स्वायत्ततेने याचं काहीच करता येत नाही, कारण नदी दुसऱ्या देशातून येते.

बोगदेबुवा

नदीचा विषय निघालाच आहे तर एक भारतीय धागा. वरच्या अजारात अजारिसत्स्काली नदीवर शुआखेवी जलविद्युत प्रकल्प आहे. १७८ मेगावॅट, शिवाय स्खाल्ताचे ९, एकूण १८७. तो टाटा पॉवर, नॉर्वेची एक कंपनी आणि जागतिक बँक गटातलं आयएफसी यांनी मिळून उभारला.

मोठं धरण नाही. एका खोऱ्यातलं पाणी बोगद्याने दुसऱ्यात, तिथून खाली टर्बाइनवर. बोगद्यांची एकूण लांबी ३५ किमीच्या वर. २०१७ मध्ये वीज सुरू झाली आणि दोनेक महिन्यांतच बोगद्यात पडझड होऊन बंद पडली. पुन्हा सुरू व्हायला २०२० उजाडलं.

अशा ठिकाणी नेमकं काय बिघडतं? बोगदा कोरडा असतो तेव्हा खडक उभा राहतो. पाणी भरलं की ते सांध्यांत शिरतं. खडकात राखेचे थर किंवा चिकणमाती असेल तर ती फुगते, मऊ पडते, अस्तर नसलेला किंवा नुसता शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) मारलेला भाग गळून पडतो. बोगदा पटकन रिकामा केला तर अजून वाईट, कारण मागे साचलेलं पाणी अस्तराला बोगद्याच्या आत ढकलतं. म्हणून भरताना आणि उपसताना दर तासाला किती मीटर, याची मर्यादा ठरवून द्यावी लागते. आणि खडकाची प्रत दर काही मीटरला नोंदवून जिथे शंका तिथे पूर्ण काँक्रीटचं अस्तर. कोयना असो की शुआखेवी, अस्तरात काटकसर केली की ती व्याजासकट परत मागते.

घारपंत

एक राहिलंच. दर शरदात बटुमीवरून दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. पश्चिमेला समुद्र, जिथे गरम हवेचे झोत उठत नाहीत, आणि पूर्वेला ढगांत बुडालेले डोंगर, त्यामुळे सगळे या चिंचोळ्या पट्टीत दाटतात. साखालवाशो आणि शुआम्ता या दोन गावांतून २००८ पासून मोजणी चालते. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला मोहोळ घारी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर स्टेप बझर्ड. पाऊस थांबून ऊन पडलं की तासाभरात आभाळ भरतं. पावसात कोणी उडत नाही, तेव्हा भर पावसात गच्चीवर उभं राहू नका.

तिथली जुनी शिकारही याच वेळेची. पायऱ्या बघा: आधी जमिनीतून माती-किडा (मोल क्रिकेट) पकडायचा. त्याच्या आमिषावर खाटीक पक्षी. त्या खाटकाच्या आमिषावर शिक्र्याच्या जातीचा छोटा ससाणा. त्याला आठवडाभरात हातावर बसायला शिकवून त्याच्याकडून लावे धरायचे. हंगाम संपला की ससाणा सोडून द्यायचा.

निवांत

किडा, खाटीक, ससाणा, लावा, माणूस. यात बायको कुठे बसते?

पीठमळे

@निवांत, शेवटी. लावा तिला निवडावा लागतो.

धाग्यात खाचापुरी न येता शंभरी गाठणं हा गुन्हा आहे. अजारुली खाचापुरी म्हणजे होडीच्या आकाराची, आत चीज आणि वर अंडं. चार होड्यांना:

मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध आणि पाणी अर्धं-अर्धं मिळून ३०० मिली, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर १ चमचा, मीठ ८ ग्रॅम, तेल २ मोठे चमचे. दहा मिनिटं मळा, दुप्पट होईपर्यंत झाका. पुण्याच्या मेमध्ये ४० मिनिटं, डिसेंबरात दीड तास.

तिथे सुलगुनी आणि इमेरुली चीज वापरतात. आपल्याकडे: पिझ्झाचं घट्ट मोझरेला ३५० ग्रॅम, किसलेलं पनीर १५०, फेटा १००. फेटा नसेल तर पनीरमध्ये मीठ आणि दोन चमचे आंबट दही.

गोळा लांबट लाटा, दोन्ही कडा आत वळवत आणा, टोकं पीळ देऊन घट्ट दाबा. ओव्हन २५० अंशांवर, आत उलटा ट्रे अर्धा तास आधीच तापत ठेवलेला. १२ ते १४ मिनिटं. बाहेर काढून मधलं चीज चमच्याने ढवळा, अंड्याचं पिवळं टाका, पुन्हा एक मिनिट. मग २० ग्रॅम लोणी. खाताना काठ तोडून अंडं-लोणी-चीज घुसळायचं आणि त्यात बुडवायचं. काटा-चमचा नाही.

काय बिघडतं: पाण्यातलं मऊ मोझरेला वापरलं तर होडीत तळं होतं. ट्रे थंड असेल तर तळ कच्चा. टोकं नीट पिळली नाहीत तर होडी उघडून चीज ओव्हनभर. अंडं सुरुवातीलाच टाकलं तर उकडलेलं अंडं, मग घुसळणार काय?

वरच्या अजारातला बोरानो याहून सोपा: लोण्यात चीज वितळवून मक्याच्या भाकरीशी. आणि सिनोरी, म्हणजे पातळ भाजलेल्या पोळीचे रोल, वर लोणी, नादुघी नावाचं मऊ चीज आणि लसूण. आपल्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याची श्रीमंत आत्या.

मालवणी खाजा

अंडं न खाणाऱ्यांसाठी?

पीठमळे

इमेरुली खाचापुरी. ती गोल, बंद, आत चीज. पण ती अजाराची नाही, इमेरेती प्रांताची. तिच्यासाठी वेगळा धागा काढा.

पालक मुंबईकर

अवांतर, पण अनेकांच्या उपयोगाचं. बटुमीच्या शोता रुस्तावेली राज्य विद्यापीठात इंग्रजीतून वैद्यकीय अभ्यासक्रम चालत आला आहे आणि भारतीय विद्यार्थी बरेच शिकत आले आहेत. अभ्यासक्रम सहा वर्षांचा. प्रवेशापूर्वी भारतीय नियम तपासा: नीट पात्रता हवीच. २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, माध्यम इंग्रजी, आणि शिक्षण मधेच दुसऱ्या देशात हलवायचं नाही. परत आल्यावर परीक्षा आणि इथली इंटर्नशिप वेगळी. एजंट 'पाच वर्षांत होईल' म्हणाला तर ५४ अधिक १२ किती होतात ते त्यालाच विचारा. रुग्ण जॉर्जियन बोलतात, त्यामुळे भाषा तिसऱ्या वर्षाच्या आत यायला हवी.

दर्यासारंग

जाणाऱ्यांसाठी थोडं: तिबिलिसीहून रेल्वेने साधारण पाच तास, स्टेशन शहराच्या उत्तरेला मखिंजौरीच्या बाजूला, तिथून बस. गोनियोचा रोमन किल्ला विमानतळाच्या पुढे सार्पीच्या रस्त्यावर. चौकोनी तटबंदी, बुरूज २२ पैकी १८ उभे. तट वेगवेगळ्या काळांत दुरुस्त झालेला, त्यामुळे खालचा घडीव दगड रोमन-बायझंटाइन आणि वरचा ओबडधोबड उस्मानी. खुलोला जाताना केडाच्या अलीकडे माखुंत्सेतीचा कमानी पूल. खुलोहून तागोला १९८५ चा रोपवे, १.७ किमी आणि मधे एकही खांब नाही. गोदेर्झी खिंड २,०२५ मी., हिवाळ्यात बर्फाने बंद. वरच्या गावांतल्या लाकडी मशिदी आतून रंगवलेल्या, कोरलेल्या आहेत. बाहेरून धान्याच्या कोठारासारख्या दिसतात म्हणून लोक पुढे निघून जातात.

कॅसिनो आणि उंच इमारती दिसतीलच. तुर्कस्तानने १९९८ मध्ये कॅसिनो बंद केले, सार्पी सीमा बटुमीपासून पंधरा-वीस किमीवर, यापुढे सांगायला नको.

शंकेखोर

मूळ प्रश्नाकडे येऊ. आज या स्वायत्ततेत आहे काय?

अस्लान अबाशिद्झेच्या काळात भरपूर होतं: स्वतःची हत्यारबंद माणसं, आणि सार्पीची जकात तिबिलिसीला न पाठवणं. नोव्हेंबर २००३ च्या गुलाब क्रांतीनंतर, म्हणजे तिबिलिसीतल्या सत्तापालटानंतर, ताण वाढला. २ मे २००४ ला त्याच्या माणसांनी चोलोकीवरचे पूल उडवले, ६ मे ला तो मॉस्कोला पळाला. गोळीबार नाही. याचं कारणच मूळ प्रश्नात आहे: बटुमीच्या रस्त्यावर उतरलेले लोक जॉर्जियनच होते, त्यांना 'परक्यांपासून वाचवतो' म्हणायला परके कुठे होते?

त्यानंतर जुलै २००४ मध्ये नवा कायदा झाला. आता २१ सदस्यांची सर्वोच्च परिषद, एक सरकार-प्रमुख आणि मोजकी खाती: वित्त, आरोग्य, शिक्षण-संस्कृती, शेती. पोलीस, न्यायालय, सीमा, परराष्ट्र सगळं तिबिलिसीकडे. प्रमुखाचं नावही परिषदेपुढे ठेवतात जॉर्जियाचे राष्ट्राध्यक्ष. सांत्वन म्हणून २००७ मध्ये घटना न्यायालय बटुमीला हलवलं. झेंडा निळ्यापांढऱ्या सात पट्ट्यांचा, कोपऱ्यात जॉर्जियाचा पाच क्रुसांचा.

तहवाचक

आणि कार्सच्या तहातल्या 'प्रत्येक समाजाच्या धर्माची हमी' याचं आजचं गणित: २०१४ मध्ये ऑर्थोडॉक्स ५४.५ टक्के, मुसलमान ३९.८. खुलोत मुसलमान नव्वदच्या वर, बटुमीत अल्पसंख्य. बटुमीत जुनी मशीद एकच, ऑर्ता जामे. शुक्रवारी माणसं बाहेर रस्त्यावर बसतात आणि दुसऱ्या मशिदीची मागणी वर्षानुवर्षं महापालिका-न्यायालयात अडकलेली. सहावं कलम शब्दशः घेतलं तर हाच त्याचा विषय. पण २००४ च्या कायद्यात ही स्वायत्तता धर्मावर नाही, निव्वळ प्रदेशावर टेकलेली आहे. १०७ व्या कलमातला 'मुसलमान जॉर्जिया' हा शब्द तिथे शोधून सापडणार नाही.

नकाशेवाला

म्हणजे उरलेलं अर्धं मतही बदलावं लागणार. शेजाऱ्याची अट फक्त पाटी टिकवायला पुरली, आतलं सामान काढायला ती आड आली नाही. दुसरी अट, मालाच्या मुक्त वाहतुकीची, तिचं काय झालं?

दर्यासारंग

ती वेगळ्या रूपात दिसते. बटुमीचा विमानतळ २००७ पासून तुर्की कंपनी चालवते. तुर्कस्तानातल्या होपाला जाणारे प्रवासी इस्तंबूलहून बटुमीला उतरायचे आणि जॉर्जियाचा शिक्का न घेता थेट बंद बसने सीमेपार जायचे. तिकीट देशांतर्गत! २०२२ मध्ये रिझे-आर्त्विन विमानतळ सुरू झाल्यावर त्याची गरज कमी झाली.

मालवणी खाजा

चिपी विमानतळावर उतरून आचऱ्याला जायला अशी बस सुरू करा की कोणीतरी.